बोटीवरनं आलेला उइपिल कसा वाचायचा

क्रूझवर कामाला असलेली आपल्या रत्नागिरी-मालवणकडची पोरं, ग्वाटेमालात पुएर्तो केत्झालला बोट लागली की कधी कधी तिथल्या माया नावाच्या मूळ समाजातल्या बायकांचा विणलेला ब्लाऊज, म्हणजे उइपिल, घेऊन येतात आणि घरी तो सोफ्यावर टाकला जातो. असं करू नका प्लीज, आधी नीट बघा.

पहिलं म्हणजे उलटा करा आणि कापडाचे किती पट्टे जोडलेत ते मोजा. तिथल्या हातमागाचं एक टोक झाडाला नायतर खांबाला बांधलेलं आणि दुसऱ्या टोकाचा पट्टा विणणारीच्या कमरेभोवती, त्यामुळे हात पोचतील तेवढाच पन्हा निघतो, मग दोन किंवा तीन पट्टे जोडून उइपिल होतो. कडा न कापता विणूनच संपवलेल्या दिसल्या तर तो अशा कमरेला बांधायच्या हातमागावरचा असायची शक्यता चांगली.

मग गाव शोधा, अर्थ नंतर. आपल्याकडे लुगडं नेसायच्या पद्धतीवरनं बाई कुठली ते कळायचं ना, तसंच. गळ्याभोवती सूर्याची किरणं असली तर बहुतेक चिचिकास्तेनांगो. तिथलाच तो दोन तोंडांचा गरुड, कोणी सांगतं एक तोंड चांगल्याकडे बघतं आणि एक वाईटाकडे, कोणी म्हणतं स्पेनच्या हॅप्सबर्ग राजांकडून आला, दोन्ही ऐकून घ्यायचं. जांभळे पट्टे आणि भरतकामाचे पक्षी असले तर सांतियागो आतित्लान. तिथल्या बाया डोक्याला लांब फीत गुंडाळतात, ग्वाटेमालाच्या 25 सेंतावोंच्या नाण्यावर तशी फीत बांधलेली बाई आहे, घरात नाणं असेल तर काढून बघा.

मला सगळ्यात भारी वाटतो तो मेक्सिकोतल्या चियापासचा. शंकरपाळी नक्षी म्हणजे चार दिशांचं जग, आणि अंगात घातला की गळा बरोब्बर मधे येतो, म्हणजे बाई जगाच्या मध्यातनं डोकं वर काढते!

जुन्या माया हिशोबात लाल म्हणजे पूर्व, काळा पश्चिम, पांढरा उत्तर, पिवळा दक्षिण. पण प्रत्येक लाल दोऱ्यात पूर्व शोधत बसू नका, विणणारीला रंग आवडला म्हणूनही असतो, आणि टुरिस्टला विकणारे तर प्रत्येक ठिपक्याचा अर्थ सांगतात. त्यापेक्षा आणणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, घेताना गावाचं नाव विचारून लिहून आण.

पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलात तर बुरशी आलीच, सुती कापडात रोल करून ठेवा, उघडीप मिळाली की सावलीत हवा द्या. धुवायच्या आधी लाल दोऱ्यावर ओलं पांढरं फडकं दाबून बघा, रंग लागला तर पाण्यात घालूच नका.