रोड सायकलचा ग्रुपसेट: आधी दाते मोजा, मग नाव बघा

ग्रुपसेट म्हणजे सायकलचे गिअर आणि ब्रेक यांचा एकत्र संच. तो शिमानोचा घ्यावा, स्रॅमचा की कॅम्पान्योलोचा, हा प्रश्न बहुतेक जण सगळ्यात आधी विचारतात. खरं तर तो शेवटी यायला हवा. तिन्ही कंपन्यांचे आजचे ग्रुपसेट गिअर नीट बदलतात आणि ब्रेकही नीट लावतात. सायकल वर्षानुवर्षं आवडेल की नाही, हे ठरतं सगळ्यात हलक्या गिअरवर, हाताच्या सवयीवर आणि फ्रेमवर.

हलका गिअर काढायचं गणित सोपं आहे. पेडलजवळच्या दातेरी चकत्या म्हणजे चेनरिंग, मागच्या चाकावरच्या चकत्यांचा संच म्हणजे कॅसेट. पुढच्या लहान चेनरिंगच्या दात्यांना मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीच्या दात्यांनी भागा. शिमानोच्या ५०/३४ दात्यांच्या चेनरिंगला ११-३४ (लहान चकती ११, मोठी ३४ दात्यांची) कॅसेट असेल तर ३४ भागिले ३४, म्हणजे १.०. त्याच कॅसेटला ५२/३६ घेतलं तर १.०६. स्रॅमच्या ४६/३३ ला १०-३६ कॅसेट असेल तर ०.९२. आकडे जवळजवळचे वाटतात, पण चढावर ते गुडघ्यांना जाणवतात. समजा, खड्या चढावर तुमच्या ताकदीने ताशी ७ किलोमीटरच निघतात आणि चाकाचा परीघ २.१ मीटर आहे. मग १.०६ ला मिनिटाला पेडलचे साधारण ५२ फेरे पडतात, १.० ला ५६ आणि ०.९२ ला ६१. पन्नाशीच्या आसपास फेरे आले की प्रत्येक फेरा रेटावा लागतो. लांब चढ नेहमीचा असेल तर ५२/३६ च्या मोहात पडू नका.

हलका गिअर घेतला तर उतारावर वेग कमी पडेल, ही भीती बऱ्याच वेळा फोल असते. स्रॅमची लहान चकती १० दात्यांची आहे, त्यामुळे ४६ भागिले १० म्हणजे ४.६ येतात. शिमानोचे ५० भागिले ११ म्हणजे ४.५५. जड गिअर जवळपास सारखाच. मात्र १० दात्यांवर चेन जास्त वाकते, घर्षण वाढतं आणि ती चकती लवकर झिजते. सपाट रस्त्यावर सतत तिथेच चालवणार असाल तर हा तोटा मोजायलाच हवा.

सपाटीवर गटाने चालवणाऱ्यांनी कॅसेटच्या मधल्या चकत्या बघाव्यात. शिमानोच्या १२ स्पीड (मागे १२ चकत्या) ११-३४ मध्ये १५ नंतर थेट १७ येते. ११-३० मध्ये मधली १६ मिळते. १७ वर मिनिटाला ९० फेरे चालू असताना १५ वर गेलात तर त्याच वेगाला फेरे ७९ वर येतात, १६ असेल तर ८५ वर. पुढच्याच्या चाकाला चिकटून चालवताना हा फरक पायाला लगेच कळतो.

आता हात. शिमानोच्या केबलवाल्या शिफ्टरमध्ये (हँडलवरच्या गिअर बदलायच्या भागात) ब्रेकचा दांडा आत ढकलला की चेन मोठ्या चकतीवर जाते, त्यामागची छोटी पट्टी दाबली की लहान चकतीवर येते. डीआय२ या शिमानोच्या इलेक्ट्रॉनिक ग्रुपसेटमध्ये त्याच जागी दोन बटणं असतात, आणि जाड हातमोज्यांत ती चाचपताना गोंधळ होतो. स्रॅमच्या एएक्सएस या इलेक्ट्रॉनिक ग्रुपसेटला दोन्ही बाजूंना एकेकच पट्टी: उजवी दाबली की गिअर जड, डावी दाबली की हलका, दोन्ही एकदम दाबल्या की पुढची चेनरिंग बदलते. नवशिक्याला हे सगळ्यात लवकर जमतं. कॅम्पान्योलोच्या केबलवाल्या शिफ्टरला अंगठ्याचा खटका असतो. एकदा हाताला बसला की सोडवत नाही. चालवून बघताना हँडलच्या वरूनही बदला आणि खालच्या वळणावरूनही. लहान हात असतील तर ब्रेकचा दांडा जवळ आणायचा स्क्रू फिरवून घ्या.

केबल की इलेक्ट्रॉनिक, हे फ्रेमला विचारा. केबल बाहेरून किंवा मोकळ्या वळणांनी जात असेल तर केबलचा ग्रुपसेट उत्तम चालतो. ती हँडलमधून हेडसेटमार्गे (हँडल जिथे फ्रेममध्ये फिरतं त्या बेअरिंगमधून) आत वळवलेली असेल तर तीव्र वळणांत घासते. मोठ्या चकतीवर चेन पटकन चढते, पण लहान चकतीवर यायला आळस करते, कारण परतीच्या वाटेवर फक्त डिरेलरच्या (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाच्या) स्प्रिंगची ताकद असते आणि घर्षण तीच खाऊन टाकतं. अशा फ्रेमला इलेक्ट्रॉनिकच घ्या. शिमानोच्या वरच्या पायऱ्या, म्हणजे आजचे १२ स्पीड अल्टेग्रा आणि ड्युरा-एस, तसेही फक्त डीआय२ मध्ये येतात. १२ स्पीड केबल हवी तर त्यांच्याखालची पायरी, १०५.

केबल तुटत जाते ती शिफ्टरच्या आत, तिच्या टोकाच्या डोक्याजवळ. बॅरल अॅडजस्टर (केबलचा ताण लावायचा स्क्रू) फिरवून गिअर लावले आणि दोन दिवसांत परत बिघडले, तर तारा उसवू लागल्या आहेत असं समजा. लगेच बदला, नाहीतर तुटलेलं डोकं आत अडकतं.

डीआय२ च्या दोन्ही डिरेलरना फ्रेममधली एकच बॅटरी वायरने जोडलेली असते. स्रॅममध्ये प्रत्येक डिरेलरवर वेगळी बॅटरी. वाटेत मागची संपली तर पुढची काढून मागे लावा, घरी पोचता येतं.

हायड्रॉलिक ब्रेकच्या तेलाचं मात्र नीट लक्षात ठेवा. शिमानो आणि कॅम्पान्योलोला मिनरल ऑइल लागतं, स्रॅमच्या रोड ब्रेकना डॉट हे ब्रेक फ्लुइड. एकाचं दुसऱ्यात गेलं की सील फुगतात आणि ब्रेक निकामी होतो. डॉट हवेतली ओल शोषतं, म्हणून ते ठरावीक काळाने बदलावंच लागतं; रंगावर सांडलं तर लगेच धुवा.

जुनी चाकं वापरायची असतील तर फ्रीहब (मागच्या चाकाचा, कॅसेट बसते तो भाग) तपासा. शिमानोची १२ स्पीड रोड कॅसेट ११ स्पीडच्या एचजी प्रकारच्या फ्रीहबवर बसते. स्रॅमच्या १० दात्यांच्या कॅसेटला एक्सडीआर प्रकारचा फ्रीहब लागतो.

ग्रुपसेटची पायरी निवडताना हात आखडता घेतलात तरी चालेल. वरच्या पायरीला मुख्यतः वजन कमी होतं. उरलेले पैसे टायर आणि चाकांत घाला. '१०५ ची सायकल' म्हणून विकली जाणारी प्रत्येक सायकल पूर्ण १०५ असेलच असं नाही. क्रँक (पेडलचे दांडे), चेन, कॅसेट आणि रोटर (ब्रेकच्या चकत्या) अनेकदा दुसऱ्या कंपनीचे असतात. तपशिलाचा तक्ता मागून एकेक भाग वाचा.

सायकल घेताना त्याच फ्रेमचा एक जादा हँगर (मागचा डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) घेऊन ठेवा. सायकल उजव्या बाजूला पडली की तो किंचित वाकतो, गिअर कुरकुरायला लागतात आणि दोष ग्रुपसेटला दिला जातो.