लेंटमध्ये स्वतःची झडती कशी घ्यायची

लेंट म्हणजे ईस्टरआधीचा उपवासाचा आणि पश्चात्तापाचा काळ. तो सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी कपाळाला राख लागते, बरेचदा गेल्या वर्षीच्याच झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून केलेली, आणि तिथून ईस्टरपर्यंत रविवार सोडले तर 40 दिवस मिळतात. मटण-मच्छी सोडणं त्यातल्या त्यात सोपं, खरं अवघड आहे ते रोज थोडा वेळ स्वतःसमोर बसणं. मला जे जमलं ते सांगतो.

रात्री जेवणं झाली की 15 मिनिटं, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून, एक वही घेऊन बसा. पण बसल्या बसल्या पापं मोजायला लागू नका. आधी दिवसभरात काय चांगलं मिळालं त्याबद्दल देवाचे आभार माना. संत इग्नाती लोयोला यांनी 16व्या शतकात जी पद्धत शिकवली तिची सुरुवातही आभारानेच होते, आणि ते पटतं, कारण ज्याने एवढं दिलं त्याच्यासमोर बसलोय हे लक्षात आलं की लपवायची गरज कमी होते. मग प्रकाश मागा. स्तोत्र 139 मध्ये स्तोत्रकर्ता देवालाच म्हणतो की माझी झडती घे, कारण आपणच आपली झडती घेतली तर कुठला खण उघडायचा नाही हे आपल्याला बरोबर ठाऊक असतं.

आता लिहायचं कसं. सुरुवातीला मी लिहायचो, "आज राग आला, प्रभू क्षमा कर". असं दोन आठवडे लिहिलं आणि काहीच हललं नाही. मग एका रात्री नीट लिहिलं, की आईने दुसऱ्यांदा विचारलं बीपीची गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, आणि मी मोबाईलमधून मान वर न करता म्हणालो "एकदा सांगितलं ना". हे वाचताना पोटात कालवलं. कोण, कधी, कुठले शब्द, एवढं लिहाच. बायबलमध्ये दावीद राजाने दुसऱ्याची बायको घेतली, तेव्हा नाथान संदेष्ट्याने त्याला एका श्रीमंताने गरीब माणसाची एकुलती एक कोकरी हिसकावल्याची गोष्ट सांगितली. दावीद त्या श्रीमंतावर भडकला, आणि नाथान म्हणाला तो माणूस तूच. आपल्यालाही दुसऱ्याच्या गोष्टीतलं पाप लगेच दिसतं, म्हणून आपलीच गोष्ट बारीकसारीक तपशिलासकट समोर मांडायची.

जे केलं नाही तेही लिहा. आजारी शेजाऱ्याकडे जायचं राहिलं, कामवाल्या मावशींचे पैसे चार दिवस उशिरा दिले. माझ्या मते आपण इथेच सगळ्यात जास्त सुटून जातो.

सगळ्या दोषांवर एकदम तुटून पडू नका, एकच घ्या. इग्नाती सांगायचे की तो दोष घडला की लगेच छातीवर हात ठेवा, चारचौघांतही कोणाला कळत नाही, आणि नंतर वहीत त्या दिवसाच्या रेघेवर तेवढे ठिपके द्या. आठवड्याने ठिपके बघा. कमी नसतील झाले तरी चालू ठेवा.

आणि ज्यांना सतत वाटतं की काहीतरी सांगायचं राहिलंच, माफी मिळालीच नसेल, त्यांनी 15 मिनिटांच्या वर बसूच नये आणि फादरांशी किंवा पाळकसाहेबांशी मोकळं बोलावं. खुद्द इग्नाती स्पेनमधल्या मानरेसा गावात असताना याच शंकांनी हैराण झाले होते, तेव्हा ही भक्ती कमी पडल्याची खूण अजिबात नाही.

शेवटी ज्याला दुखावलं त्या माणसाकडे जायचं. प्रभू येशूने सांगितलंय की वेदीजवळ दान ठेवून आधी भावाशी समेट कर, आणि जक्कय या जकातदाराने तर फसवून घेतलेलं चौपट परत द्यायचं कबूल केलं. माफी मागताना "पण" हा शब्द टाळा, "चुकलं माझं, पण तूही..." म्हटलं की माफी तिथेच संपली. मी आईला फक्त म्हणालो, परवा तुटकपणे बोललो, चुकलो. तिच्या लक्षात होतं.

कॅथलिक असाल तर फादरांसमोर पापं कबूल करायला, म्हणजे पापनिवेदनाला, गोव्याकडे कुमसार म्हणतात, ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्याच्या आधीच जा, नंतर लाईन मोठी असते आणि घाईत परत "राग आला फादर" एवढंच निघतं तोंडातून. वहीतलं एका कागदावर उतरवून न्या, बघून सांगितलं तरी चालतं. घरी आलात की तो कागद फाडून टाका.