आशाताईंचं गाणं बसवायचंय? आधी आपली पट्टी शोधा

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या निम्म्याजणींना आशा भोसल्यांचीच गाणी हवी असतात. मोबाइलवर ट्रॅक लावायचा आणि त्याच पट्टीत, म्हणजे ट्रॅकचा 'सा' ज्या सुरावर असेल तिथूनच, सुरू व्हायचं, ही सवय आधी सोडा. ट्रॅकची पट्टी आशाताईंच्या गळ्याची, तुमच्या नाही.

आणि त्यांचीही पट्टी कायम एकच राहिली नाही. १९४३ साली 'माझं बाळ'मध्ये दहाव्या वर्षी गायलेल्या बाईंना १९८१ च्या 'उमराव जान'साठी संगीतकार खय्याम यांनी नेहमीपेक्षा खाली गायला लावलं. 'दिल चीज़ क्या है'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या गाण्यात शब्द कानाशी बोलल्यासारखे येतात ते त्या खालच्या सुरामुळे, असं मला ठाम वाटतं.

पेटी घ्या. गाण्याची पहिली ओळ चाल न लावता, घरात बोलतो तशी म्हणा. मग गाण्यातला सगळ्यात खालचा सूर शोधा आणि तो स्वच्छ, न घरघरता लागेल असा 'सा' धरा. आता अंतऱ्यातली सगळ्यात वरची जागा म्हणून बघा. मान ताणली जात असेल तर आणखी अर्धा सूर उतरा. खालचा सूर हरवला तर अर्धा सूर चढा. एवढ्यावर दोन-तीन दिवस गेले तरी जाऊ द्यात.

मग पेन्सिल घेऊन वहीत श्वासाच्या खुणा करा. 'जिवलगा, राहिले रे दूर घर माझे' घेतलंत तर 'दूर' आणि 'घर' यांच्यामध्ये श्वास तोडू नका. कवयित्री शांताबाई शेळक्यांच्या शब्दांतलं अंतर तिथेच तर आहे.

'तीसरी मंज़िल'मधली पंचमची (संगीतकार राहुल देव बर्मन यांची) तुटक 'आऽ आऽ आजा' मात्र अगदी शेवटी. पोटावर हात ठेवा, प्रत्येक 'आ'ला पोट आत गेलं पाहिजे. नुसत्या गळ्यानं झटके दिलेत तर दुसऱ्या दिवशी आवाज बसतो. एकोणिसाव्या वर्षी गणपतीतल्या कार्यक्रमाआधी मी ते केलं आणि ऐन स्टेजवर आवाज फुटला.

परवा एक ताई काळी पाचात, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीचा 'सा' धरून, 'उमराव जान'मधलं गाणं म्हणत होत्या. सूर लागत होते, पण एकही शब्द कळत नव्हता. त्यांना खाली, पांढरी पाचावर आणलं. मुखडा संपला तेव्हा त्या स्वतःच थांबल्या आणि म्हणाल्या, "बाई, हा माझाच आवाज का?"