रेव्हिटच्या प्लॅनमध्ये दारं-खिडक्या साध्या कशा दाखवायच्या

ऑफिसात नव्याने लागलेल्या आर्किटेक्टकडे लवकरच येणारं काम म्हणजे रेव्हिट या थ्रीडी सॉफ्टवेअरमधल्या मॉडेलमधून १:१०० चे प्लॅन काढणं. स्क्रीनवर झूम केलं की खिडकी देखणी दिसते आणि प्रिंट हातात आली की भिंतीत नुसता काळा पट्टा. याचं कारण साध्या भागाकारात आहे. तीन ट्रॅकची ॲल्युमिनियमची सरकती खिडकी घ्या, दोन काचेची शटर आणि एक मच्छरजाळी. चौकटीची खोली साधारण ९० मिमी धरली तर एकेका ट्रॅकला ३० मिमी मिळतात, म्हणजे कागदावर ०.३ मिमी. पेन ०.१८ चं असलं तरी दोन रेषांमध्ये जेमतेम ०.१२ मिमी उरतात, आणि प्रत्येक शटरला तर दोन्ही बाजूंच्या रेषा असतात. चिखल होणारच.

काहीही बदलण्याआधी टीएल टाइप करून थिन लाइन्स बंद करा. ते चालू असेपर्यंत सगळ्या रेषा एकाच जाडीच्या दिसतात आणि गोंधळ कळतच नाही.

आता सुधारणा कुठे करायची? एकेक खिडकी निवडून हाइड इन व्ह्यू करत बसू नका. ते फक्त त्याच व्ह्यूपुरतं, म्हणजे त्या एका नकाशापुरतं असतं. पुढच्या मजल्याला पुन्हा तेच, आणि लपवलेलं काय ते नंतर कुणालाच आठवत नाही. घाईत असाल तर व्हीव्ही टाइप करून व्हिजिबिलिटी/ग्राफिक्स उघडा, विंडोजसमोरचं अधिक चिन्ह दाबा, फ्रेम/मलियनची खूण काढा आणि ते व्ह्यू टेम्पलेटमध्ये (अनेक व्ह्यूंना एकदम लावता येणाऱ्या सेटिंग्जमध्ये) टाका. पण हे चालतं ते फॅमिली (खिडकी किंवा दाराचा तयार नमुना) बनवणाऱ्याने प्रत्येक भागाला सबकॅटेगरी, म्हणजे उपगट दिला असेल तरच. डाउनलोड केलेल्या फॅमिलीत बरेचदा चौकट, शटर, काच सगळंच ‘नन’वर असतं, मग वेगळं काय बंद करणार? कंपन्यांच्या फॅमिलीत तर स्क्रू आणि रबरी गॅस्केटसुद्धा मॉडेल केलेली सापडतात. विक्रीसाठी ठीक, मंजुरीच्या नकाशाला निरुपयोगी.

खरा इलाज फॅमिलीतच. खिडकी निवडून एडिट फॅमिली करा आणि लगेच नव्या नावाने सेव्ह करा. चौकट, शटर, काच, सिल (खिडकीखालचा उंबरा) असे सगळे घनभाग निवडा आणि व्हिजिबिलिटी सेटिंग्ज उघडा. तिथे प्लॅन/आरसीपीची (आरसीपी म्हणजे छताचा प्लॅन) खूण काढायचीच, पण तिच्याबरोबर ‘व्हेन कट इन प्लॅन/आरसीपी’ ही दुसरी खूणही काढायची. नवखे लोक पहिली काढतात आणि दुसरी विसरतात. मग खिडकी कापली जाते तिथे छेद दिसतच राहतो आणि ‘सेटिंग चालत नाही’ म्हणून तक्रार येते. दोन्ही काढूनही रेषा उरल्या तर शटर ही आतली वेगळी फॅमिली आहे का बघा. ती उघडून तिथेही हेच करा. भिंतीतलं भोक मात्र जसंच्या तसं राहतं.

मग फॅमिलीच्या रेफ लेव्हल प्लॅनमध्ये जा आणि ॲनोटेट टॅबवरून सिम्बॉलिक लाइन (फक्त नकाशात दिसणारी रेघ) घ्या. मॉडेल लाइन घेऊ नका, ती थ्रीडीतही उमटते. सबकॅटेगरीच्या यादीत एकच नाव प्रोजेक्शन आणि कट असं दोनदा दिसेल, आणि रेषेची जाडी त्यावरच ठरते. १:१०० साठी काचेची एकच रेघ पुरे, सबकॅटेगरी ग्लास. भिंतीच्या दोन्ही कडांच्या रेषा फॅमिली लोड केल्यावर आपोआप दिसत असतील तर पुन्हा काढू नका. रेघेची टोकं डाव्या-उजव्या रेफरन्स प्लेनला (रुंदीबरोबर सरकणाऱ्या आधाररेषांना) अलाइन करून कुलूप लावा. नंतर फॅमिली टाइप्समध्ये रुंदी ६००, १२००, १८०० करून पाहा. कुलूप लावायचं विसरलं असेल तर खिडकी रुंद होते आणि रेघ आखूडच राहते.

या रेघेला व्हिजिबिलिटीत फक्त ‘कोर्स’ची, म्हणजे सर्वात कमी तपशिलाच्या पातळीची खूण ठेवा. १:५० च्या वर्किंग ड्रॉइंगसाठी चौकटीचे दोन चौकोन आणि शटरच्या रेषा वेगळ्या काढून त्यांना मीडियम आणि फाइन द्या. एकाच फॅमिलीत दोन्ही नकाशे निघतात, व्ह्यूची डिटेल लेव्हल बदलली की झालं.

दाराचा पल्ला मॉडेलमध्ये बंद अवस्थेत असतो आणि प्लॅनमध्ये तो उघडा काढायचा असतो. घनभाग बंद केला नाही तर एकाच दाराला दोन पल्ले दिसतात, एक बंद, एक उघडा. ३५ मिमीचा फ्लश पल्ला १:१०० ला ०.३५ मिमी होतो, म्हणून कोर्सला तो एका रेघेनेच दाखवा. पल्ला कसा उघडतो ते दाखवणाऱ्या कमानीची सबकॅटेगरी प्लॅन स्विंग ठेवा, म्हणजे १:२०० ला ती व्हीव्हीतून एकदम बंद करता येते. कमान निवडून प्रॉपर्टीजमध्ये सेंटर मार्क व्हिजिबल करा, केंद्र बिजागरीच्या बाजूच्या प्लेनवर कुलूपबंद करा आणि त्रिज्येच्या मापाला दाराच्या रुंदीचं लेबल द्या. ९०० चं दार ७५० केलं की कमानही लहान होते.

हीच फॅमिली पुढे सुधारून पुन्हा लोड करताना रेव्हिट विचारतं की जुनी आवृत्ती नुसती बदलायची, की पॅरामीटरच्या किमतींसह. नुसतीच बदला. दुसरा पर्याय दाबला की प्रोजेक्टमध्ये टाइपना दिलेली मापं फॅमिलीतल्या मापांनी पुसली जातात.

आपल्याकडच्या प्लॅनमध्ये सर्वात जास्त छळतो तो टॉयलेटचा व्हेंटिलेटर. लिंटल (वरची आडवी तुळई) २१०० वर आणि व्हेंटिलेटर ६०० उंच, म्हणजे सिल १५०० वर. मेट्रिक टेम्पलेटमध्ये कट प्लेन, म्हणजे प्लॅनसाठी मॉडेल जिथे आडवं कापलं जातं ती पातळी, साधारण १२०० वर असते, त्यामुळे तिथली भिंत सलग दिसते. सगळ्या व्ह्यूचं कट प्लेन वर नेलं तर त्याचा परिणाम प्लॅनभर होतो. त्याऐवजी व्ह्यू टॅबवरून प्लॅन रीजन घ्या, फक्त त्या भिंतीभोवती चौकोन काढा आणि त्याच्या व्ह्यू रेंजमध्ये कट प्लेन १८०० द्या. दोन रीजन एकमेकांवर चढू देऊ नका. काम झालं की व्हीव्हीच्या ॲनोटेशन टॅबवर प्लॅन रीजन बंद करा, नाहीतर चौकोनाच्या रेषा शीटवर दिसत राहतील.