एटीव्हीच्या इंजिनाचं काम करताना ऑइल होज: थेंब पडत नाही म्हणून होज चांगला, असं धरू नका

नवीन पिस्टन, रिंगा, बेअरिंग सगळं बसलं, इंजिन सुरूही झालं, पण हेडपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागापर्यंत, ऑइल पोहोचत नाही. अशा वेळी बहुतेक जण थेट पंपावर संशय घेतात आणि नुकतंच लावलेलं साइड कव्हर पुन्हा उघडतात. त्याआधी होज, म्हणजे ऑइल नेणाऱ्या रबरी नळ्या, तपासा. ज्या एटीव्हीत (खडबडीत वाटांवर चालणाऱ्या चारचाकी गाडीत) ऑइलची टाकी इंजिनाबाहेर असते, म्हणजे ड्राय संप, तिथे तर पंपाची सगळी भिस्त टाकीतून येणाऱ्या त्या एका होजवर असते.

होज काढतानाच चिकटपट्टी लावून ‘टाकीतून इंजिनात’ आणि ‘इंजिनातून टाकीत’ असं लिहून ठेवा. अदलाबदल झाली तर इंजिन कोरडं फिरतं.

बेअरिंग गेल्यामुळे इंजिन उघडलं असेल, तर जुने होज धुऊन परत लावू नका. धातूचा चुरा रबरात रुतलेला असतो आणि गरम ऑइलने सुटून नव्या बेअरिंगमध्ये जातो. ऑइल कूलरही नेहमीच्या प्रवाहाच्या उलट दिशेने धुवा.

आता खरी गोम. टाकीकडून पंपाकडे येणारा होज हा ओढीचा होज आहे. पंप त्यातून ऑइल खेचतो, त्यामुळे इंजिन चालू असताना आत दाब नसतो, उलट ओढ असते. क्लॅम्प सैल असेल किंवा निपलवर (होज ज्यावर चढवतात त्या धातूच्या तोंडावर) ओरखडा असेल, तर तिथून ऑइल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. खाली एक थेंब नाही, होज कोरडा, आणि पंप मात्र फेस ढकलतोय. गळती शोधत बसणाऱ्याला हा दोष सापडतच नाही.

ओळखायची खूण अशी: इंजिन बंद करून गाडी रात्रभर उभी ठेवा. टाकी पंपापेक्षा वर असेल तर त्या वजनाने ऑइल उलट बाहेर पाझरतं. सकाळी क्लॅम्पच्या खालच्या कडेला बोट फिरवा. चालताना कोरडा असलेला जोड उभ्या गाडीवर ओलसर लागला, तर चोर तोच.

दुसरा दोष याहून लबाड. जुन्या होजचा आतला थर बाहेरच्या थरापासून सुटतो. बाहेरून होज ठणठणीत दिसतो, फुंकर मारली तर हवाही आरपार जाते. पण पंपाने ओढ घेतली की सुटलेला थर पडद्यासारखा आत कोसळतो आणि वाट बंद करतो. म्हणून फुंकून तपासा हा सल्ला मला मान्य नाही, कारण फुंकर थराला दाबून बसवते आणि पंप त्याला ओढून सोडवतो. होज दोन्ही टोकांकडून टॉर्च लावून बघा, बोटाने दाबत जा, मध्येच मऊ किंवा फुगीर लागला तर बाद करा. शंका असेल तर उभा चिरून बघा. तसाही तो बदलायचाच असतो.

नवा होज ऑइलसाठीच बनवलेला, गरम ऑइल सोसणारा हवा. पाण्याच्या होजचं रबर ऑइलमध्ये फुगून मऊ पडतं. निपलचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजा आणि आतून त्याच मापाचा होज घ्या. मोठा होज क्लॅम्पने आवळून बसवला तर रबराला घडी पडते आणि त्या घडीतूनच हवा शिरते. निपलवर सिलिकॉन अजिबात लावू नका, त्याचे तुकडे सुटून ऑइलच्या जाळीत अडकतात. वळणाचा होज असेल तर मूळ आकाराचाच घ्या. सरळ होज वाकवला की तो वळणावर चपटा होतो. सायलेन्सरच्या पाइपापासून लांब ठेवा.

बॅन्जो बोल्ट (ज्याच्या आतून ऑइल जातं असा पोकळ बोल्ट) असेल तर दोन्ही बाजूंना एकेक नवा वॉशर, आणि टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, त्या मॉडेलच्या मॅन्युअलप्रमाणे. गळतंय म्हणून आणखी आवळलं तर ॲल्युमिनियमचे आटे जातात. टेफ्लॉन टेप तिथे नकोच.

सुरू करण्याआधी ऑइल चढवून घ्या. टाकी भरा, स्पार्क प्लग काढून त्याच्या कॅपमध्येच घाला आणि प्लगचं धातू प्लगच्या भोकापासून दूर इंजिनाला टेकवून ठेवा. हेडकडे जाणाऱ्या ऑइल लाइनचा बोल्ट किंचित सैल करा, खाली फडकं धरा. स्टार्टर पाच ते दहा सेकंद फिरवा, थांबा, पुन्हा फिरवा. बोल्टपाशी ऑइल दिसेपर्यंत इंजिन चालू करायचं नाही. ऑइल आलं की बोल्ट आवळा, प्लग लावा.

पहिल्यांदा चालू केल्यावर टाकीचं झाकण उघडून बघाल तेव्हा परतीचं ऑइल बुडबुड्यांसकट थुंकल्यासारखं येताना दिसेल. घाबरू नका. परत आणणारा पंप मुद्दाम जास्त क्षमतेचा असतो, म्हणून तो हवाही ओढतो. बुडबुडे परतीच्या होजमध्ये चालतात, टाकीतून पंपाकडे जाणाऱ्या होजमध्ये नाही.

पातळी थंड इंजिनावर बघू नका, उभ्या गाडीचं ऑइल टाकीतून क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या भागात) उतरलेलं असू शकतं. काही मिनिटं चालवून, बंद करून लगेच बघा. पहिल्या फेरीनंतर क्लॅम्प परत तपासा आणि रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा.