बांधाच्या कुंपणातली खिंडारं अशी बुजवा

बांधावरची झुडपं मधेच तुटली की तितर, मुंगूस, ससा यांची आडोशाची वाट तुटते. रोपं विकत आणून लावली तर पहिल्याच उन्हाळ्यात शेळ्या फस्त करतात. त्यावर निर्गुडी हा स्वस्त उपाय आहे. जनावरं तिला सहसा तोंड लावत नाहीत.

१. पहिला चांगला पाऊस झाला की निर्गुडीच्या अंगठ्याएवढ्या जाड, हातभर लांब काड्या तोडा.
२. खिंडारात वीतभर अंतरावर, निम्म्या जमिनीत जातील अशा, दोन ओळींत रोवा. काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, वर तोंड करून हवेत, घाईत काडी उलटी रोवली जाते.
३. दोन ओळींच्या मधे करवंदाचं बी टाका. पिकलेली करवंदं खाल्ली की बिया धुऊन त्याच आठवड्यात पेरा, वाळवून ठेवलेलं बी फारसं रुजत नाही. पुढे निर्गुडीच्या आडोशाने करवंदाची काटेरी जाळी आपोआप दाट होते, आणि बुलबुलांना फळंही मिळतात.

बांध पेटवू नका, एवढं कराच.

एक मात्र सांभाळा: ही लागवड बांधापुरतीच ठेवा. उघड्या गवताळ माळावर झुडपं लावू नका, धाविक आणि टिटवी हे पक्षी तिथे उघड्या जमिनीवरच अंडी घालतात.