चौपाटीवर कुल्फी खायला जाताय? मग तोलून मागा

माझं माहेर गिरगावातलं, चाळीतलं. लग्न होऊन डोंबिवलीला आले त्याला तीसेक वर्षं झाली, तरी उन्हाळ्यात पाहुणे आले की त्यांना कुल्फी खायला चौपाटीवर न्यायचं काम माझ्याच गळ्यात पडतं. गेल्या मे महिन्यात पुण्याची वहिनी आणि तिची दोन मुलं आली होती. वहिनीने काउंटरवर जाऊन थेट विचारलं, “दादा, एक कोन केवढ्याला?” त्याने काही न बोलता समोरच्या काट्याकडे बोट केलं. वहिनी माझ्याकडे बघायला लागली. परत येताना ती म्हणाली, “तुम्ही आधी सांगायचं तरी!” म्हणून हे आधी सांगतेय.

चर्नी रोडला उतरा, पूल ओलांडून समुद्राच्या बाजूला या आणि पाणी डाव्या हाताला ठेवून विल्सन कॉलेजच्या दिशेने चालत राहा. चौपाटीसमोर, सरदार वल्लभभाई पटेल रस्त्याच्या तोंडाशी, सुखसागर हॉटेलपाशी न्यू कुल्फी सेंटर आहे. दुकान लहान, त्यामुळे टेबल-खुर्ची, मेन्यूकार्ड असलं काही मनात धरून जाऊ नका. गाडी घेऊन तर मुळीच जाऊ नका, लावायला जागा शोधेपर्यंत मुलं झोपतात. रविवारी रात्री आठनंतर अख्खी मुंबई तिथे असते. कामाच्या दिवशी चार-पाचला गेलात तर निवांतपणे विचारून घेता येतं. अनंत चतुर्दशीला त्या रस्त्याचं नावही काढू नका. माझी स्वतःची आवडती वेळ म्हणजे पावसाळ्यातली संध्याकाळ. लोक भज्यांच्या मागे असतात आणि कुल्फीला रांग नसते.

आता काट्याचं. तिथे कुल्फी ग्रॅमवर मिळते. शंभर ग्रॅम म्हणालात की कुल्फीचा तुकडा तोलायचा, सुरीने त्याचे चौकोन पाडायचे आणि पुढ्यात ठेवायचे. हा नखरा नाही, हिशोब आहे. आइस्क्रीम गोठवताना घुसळतात, त्यात हवा शिरते आणि ते फुगतं. आपल्याकडच्या नियमात एक लिटर आइस्क्रीमचं वजन किमान 525 ग्रॅम भरावं एवढंच आहे, म्हणजे लिटरचा डबा घेतलात तरी हातात अर्ध्या किलोहून थोडंसंच जास्त येऊ शकतं. कुल्फी घुसळत नाहीत. दूध आटवायचं, साच्यात भरायचं, गोठवायचं. म्हणून ती जड असते आणि दिसायला जेवढी दिसते त्याहून पोटात जास्त होते. “एवढीशीच?” असं म्हणून आधीच दोनशे ग्रॅम घेऊ नका. चार माणसं असाल तर तीन वेगवेगळ्या प्रकारची शंभर-शंभर ग्रॅम घ्या, मधे ठेवा, आणि लागली तर पुन्हा मागा.

पहिली मलईच घ्या. हा माझा हट्ट आहे असं समजा. केशर-पिस्त्यात वेलची आणि केशर मिळून दुधाची उणीव झाकून टाकतात, मलईला लपायला जागा नसते. चांगल्या मलई कुल्फीचा रंग पांढराशुभ्र नसतो, आटीव दुधाचा किंचित पिवळट असतो, आणि जिभेवर ती बासुंदीकडे झुकते. बर्फाचे बारीक खडे कचकच लागले तर दूध पुरतं आटवलेलं नाही. खरा पिस्ता घातलेली कुल्फी थोडी मळकट हिरवी दिसते. पोपटाच्या रंगाची दिसली तर त्यात पिस्त्यापेक्षा बाटलीतला रंग जास्त, मग दुकान कुठलंही असो. आंबा हंगामातच खावा, सीताफळ पावसाळा सरता सरता. जानेवारीत आंबा मागणाऱ्याला मी अडवत नाही, पण माझा चमचा तिथे जात नाही.

फालुदा घालून हवा असेल तर दुसऱ्या खेपेला. गुलाबाचं सरबत, सब्जा आणि शेवया एकदा वर आल्या की खाली कुल्फी कुठली होती ते कळतच नाही.

खायची घाई करू नका. पुढ्यात आलेले चौकोन दोनेक मिनिटं तसेच राहू द्या. कडा ओलसर चमकायला लागल्या की सुरुवात करा. अति गार पदार्थाची गोडी जिभेला लागत नाही, थोडं मऊ पडल्यावरच दूध आणि साखर बोलायला लागतात. ज्यांना डायबेटिस आहे त्यांनी मात्र यातला दुसरा अर्थ लक्षात घ्यावा: कमी गोड लागतेय म्हणजे साखर कमी आहे असं नाही. माझे बाबा याच समजावर वर्षानुवर्षं “अजून एक तुकडा” घेत आले. आणि दाताने चावू नका. दात माझ्या वयाचे असतील तर विशेषच.

उपवास असेल तर आधी विचारा. दूध लवकर दाट व्हावं म्हणून कुठे कुठे कॉर्नफ्लोअर घालतात, कुठे पावाचा चुराही. “भैया, इसमें कॉर्नफ्लोअर है क्या?” एवढं विचारलं की कुणी रागावत नाही. एकदा एकादशीला न विचारता खाल्ली आणि सासूबाईंचं जे ऐकलं, ते अजून ऐकतेय.

माझा मामा साच्यातली कुल्फी हातात घेऊन म्हणायचा, “कुलूप उघड गं!” आम्हाला वाटायचं तो गंमत करतोय. पण फारसीत कुल्फी म्हणजे झाकणाचं भांडं, आणि आपलं कुलूपही त्याच कुळातलं. पत्र्याचे निमुळते साचे, झाकणाला कणकेचं लिंपण आणि भोवती बर्फ-मीठ अशी जुनी पद्धत. मीठ पडलं की बर्फ शून्याच्याही बराच खाली गार होतो, म्हणूनच विजेशिवाय कुल्फी गोठायची. हातगाडीवर लाल फडक्याने झाकलेल्या माठात तुम्ही हेच पाहिलं असेल. बर्फ-मिठाचीच पण घुसळलेली चव घ्यायची असेल, तर वेगळ्या दिवशी बोहरी मोहल्ल्यात ताज आइस्क्रीमला जा. तिथे संच्यातलं, म्हणजे हाताने फिरवायच्या भांड्यातलं, फळांचं आइस्क्रीम मिळतं. दोन्ही एकाच संध्याकाळी करू नका, आम्ही करून पाहिलंय. वहिनीची मुलं दोन्हीकडे “मस्तानी आहे का?” विचारत होती, त्यांना मी पुढच्या वेळी घरीच ठेवणार आहे.

घरी न्यायची असेल तर स्टीलचा डबा आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवा, निघताना जाड टॉवेलात गुंडाळून न्या. कुल्फी डब्यात घट्ट बसवा, मोकळी जागा ठेवू नका, बाहेरून वर्तमानपत्राचे चार-पाच थर द्या. दादरला गाडी बदलून डोंबिवलीपर्यंत ती टिकते, पण जेमतेम. घरी पोचल्यावर चमचा सहज रुतला तर पुन्हा फ्रीजरमध्ये ठेवायचा मोह आवरा. घरच्या फ्रीजरमध्ये ती सावकाश गोठते आणि मोठे खडे धरतात. वाट्या काढा आणि तिथेच संपवा. आमच्याकडे तेवढीही वेळ येत नाही. दादरच्या पुलावरच कुणीतरी विचारतं, “आत्या, डबा गळतोय का बघू?”